सोवळ्यातले दिवे

"काचेला हात लावू नकोस!"

मामा एवढ्या जोरात ओरडले की माझ्या हातातला बल्ब खोक्यासकट खाली पडता पडता वाचला.

"काय झालं?"

"हॅलोजन आहे तो. बोटाचं तेल लागलं की काच तिथंच तापते आणि बल्ब जातो. फडकं घे. धुतलेलं घे."

ओटीवर गवार मोडत बसलेल्या मामींनी मान वर केली. "माझं सोवळ्याचं पातळ देऊ का? देवघरात एवढं सोवळं पाळलं असतंत, तर गणपतीनं स्वतः येऊन मोटार चालवली असती."

"इंदू, तुला चेष्टा सुचते. शंभर वॅटचे आहेत हे."

"मग दुरूनच नमस्कार करते," मामी म्हणाल्या आणि पुन्हा गवार मोडू लागल्या.

माझे मामा, श्रीपाद आठल्ये, धामणखोलच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. घरातलं काहीही बिघडलं तरी बाहेरच्या माणसाला बोलवायचं नाही हा त्यांचा बाणा होता. पंप, मिक्सर, देवघरातलं घड्याळ, सगळ्यांची पोटं त्यांनी एकदा तरी उघडलेली होती. त्या ऑगस्टमध्ये पाळी मोटारीची आली. जुनी निळी मोटार अंगणात बॉनेट वासून उभी होती आणि मामा तिच्यात कमरेपर्यंत बुडाले होते.

मी पाहुणा म्हणून आलो होतो, पण निव्वळ पाहुणा नव्हतो. बंगळुरूहून शैलेशचा, म्हणजे मामांच्या मुलाचा, मला फोन आला होता. बाबांनी मोटार ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्याला घासली, असं गावातल्या कुणीतरी त्याला कळवलं होतं. "मकरंद, तू जा. एकदा अंधार पडल्यावर त्यांच्या शेजारी बस आणि मला खरं काय ते सांग. जमत नसेल तर मोटार विकून टाकू आणि दोघांना इकडे घेऊन येतो. तिथं मोटारीशिवाय राहणार कसे?"

हे सगळं त्यानं मामांनाही सांगून टाकलं होतं. त्यामुळे मी पिशवी खाली ठेवायच्या आत मामा म्हणाले होते, "या, परीक्षक."

मोटारीवर त्या घराचं काय काय अडलं होतं ते मला दोन दिवसांत कळलं. दवाखाना, बाजार हे तर होतंच, पण खरी गोष्ट वेगळी होती. मामींनी अठ्ठावन्नाव्या वर्षी गाणं शिकायला सुरुवात केली होती. लग्नाआधी राहून गेलेलं गाणं. तालुक्याला मुळेबाई नावाच्या शिक्षिका होत्या आणि त्यांना मोठ्या बायकांसाठी संध्याकाळचीच वेळ मोकळी असायची. शिकवणी संपेपर्यंत धामणखोलची शेवटची बस निघून गेलेली असे. म्हणून आठवड्यातून दोनदा मामा त्यांना न्यायचे, बाहेर बाकावर बसून राहायचे आणि दिवेलागणीनंतर शेवरीच्या घाटीतून परत आणायचे. मोटार गेली की गाणं गेलं. दोघांपैकी कुणीही हे तोंडानं म्हणालं नाही, पण मामी स्वयंपाक करताना तीच एक तान पुन्हा पुन्हा घासून घेत, आणि मामा हातातलं काम थांबवून ऐकत उभे राहत. मला त्या परीक्षकपणाची लाज वाटायला लागली होती.

"दोष माझा नाही, दिव्यांचा आहे," मामा म्हणाले. "पिवळट उजेड. त्यात काय दिसणार? उजेड वाढवला की प्रश्न मिटला."

काम त्यांनी चोख केलं हे मान्य करायला हवं. जुन्या बारीक तारांवर एवढा भार टाकला तर त्या वितळतील, म्हणून त्यांनी बॅटरीपासून नवी जाड तार ओढली, मध्ये भार पेलणारा रिले बसवला, सांध्यांना नीट चिकटपट्टी गुंडाळली. बल्ब धुतलेल्या धोतराच्या तुकड्यात धरून, श्वास रोखून, जागेवर बसवले. मग दिवेलागणीला त्यांनी मोटार अंगणाच्या कडेच्या दगडी गडग्याकडे तोंड करून उभी केली आणि पडवीतून एक लांबलचक पारदर्शक नळी आणली. तिच्यात पाणी होतं.

"ही कशाला?"

"गवंडी कशानं पातळी बघतात? दिव्याची उंची जशीच्या तशी गडग्यावर न्यायची. अंदाजपंचे नाही करायचं. पाण्याला कोणी फसवू शकत नाही."

नळीचं एक टोक मी दिव्याशी बांधलं, दुसरं मामांनी गडग्याच्या चिऱ्यांशी. पाणी स्थिरावलं तिथं मी जाऊन खडूनं रेघ मारली. मग मामांच्या सांगण्याप्रमाणे मी दिव्यामागचे स्क्रू फिरवत फिरवत झोत बरोबर रेघेखाली चार बोटं आणून ठेवला.

दिवे पूर्ण लावले तेव्हा मी खरंच थक्क झालो. गडग्यावरचं शेवाळ वेगळं, त्यातली नेच्याची पानं वेगळी, एका चिऱ्यावर चढणारी मुंग्यांची ओळ वेगळी. भर दुपारीसुद्धा तो गडगा मला असा कधी दिसला नव्हता.

"चांगलं दिसतंय ना?" मामांनी विचारलं.

"चांगलं? मामा, मुंग्या मोजता येतील!"

"हो ना?" ते म्हणाले. थोडा वेळ गडग्याकडे बघत उभे राहिले आणि दिवे बंद करून आत गेले.

दुसऱ्या दिवशी शिकवणी होती. आठवडाभर धो धो कोसळून पाऊस त्या दुपारी थांबला होता. जाताना उजेड होता, मामांनी मोटार झोकात चालवली. मुळेबाईंच्या बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं बसलो. आतून मामींचा आवाज येत होता, मध्येच अडखळणारा, पुन्हा चढणारा. मामा डोळे मिटून ऐकत होते. "पंचमावर डळमळते अजून," ते म्हणाले, "पण गेल्या वर्षी पंचमापर्यंत पोचतसुद्धा नव्हती."

परत निघताना अंधारून आलं होतं. मामी मागच्या सीटवर चढल्या.

"तुम्ही पुढं बसा ना," मी म्हणालो.

"छे. पुढचा मान परीक्षकांचा."

गाव मागे पडलं आणि मामांनी ते नवे दिवे लावले. पहिल्यांदा मला कळेचना की काय चुकतंय. उजेड तर भरपूर होता, पण रस्त्यावर जेमतेम पुसट. रस्त्याच्या कडेच्या आंब्यांचे शेंडे मात्र लख्ख उजळले होते. एका घराची कौलं उजळली, त्यावरचं मांजर दचकून उठलं. आणि मामी दोन्ही सीटच्या मधून मान पुढे काढून सारख्या बोलत होत्या.

"मोरी आली हो. डावीकडं खड्डा आहे. हं, आता सरळ. पुढं म्हैस बसलीय."

"मामी," मी शेवटी म्हणालो, "त्यांना दिसतंय. जरा त्यांचं त्यांना चालवू द्या ना."

"सवय रे मेली जिभेला," मामी म्हणाल्या. "वळण आलं हो, उजवं."

समोरून दुधाचा टेम्पो आला. त्याच्या ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला, खिडकीतून अर्धा बाहेर आला आणि ओरडला, "ओ काका! विमान उतरवताय काय? दिवे खाली करा!"

"खालीच आहेत!" मामा ओरडले.

टेम्पो शिव्या देत निघून गेला. मी पुढे वाकून झोत कुठं पडतोय ते बघितलं, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"मामा, काल मोटार अंगणात कशी उभी होती? तोंड गडग्याकडे."

"मग?"

"अंगणाला गडग्याकडे उतार आहे."

मामांनी गिअर बदलला.

"पाणी साचू नये म्हणून तुम्हीच करून घेतलाय तो. मोटारीचं नाक खाली होतं आणि आपण पाण्याच्या नळीनं दिवे सरळ केले. आता मोटार सपाटीवर आली, तर दिवे आभाळाकडे बघणारच ना!"

मागून मामींचा हसू दाबायचा प्रयत्न ऐकू आला, आणि मग तो फसला. त्या खळखळून हसत सुटल्या. "पाण्याला कोणी फसवू शकत नाही हो! तुम्हाला मात्र पाण्यानं फसवलं!"

मामाही हसले, पण उशिरा. "घरी गेल्यावर स्क्रू फिरवू," ते म्हणाले. "आता सावकाश जाऊ."

घाटी लागली. मोटार चढणीला लागल्यावर तर झोत आणखीच वर गेला. उजवीकडे दरी, डावीकडे डोंगर, आणि आमचे दिवे पुढच्या वळणावरच्या डोंगराचं अंग निवांत न्याहाळत चाललेले. मामींचं पालुपद चालूच होतं. "दगड नाही, पालापाचोळा आहे. जाऊ द्या. आता मोकळा आहे रस्ता." मनातल्या मनात मी शैलेशला सांगायचं वाक्य तयार करत होतो. मामा हळू चालवतात, पण व्यवस्थित चालवतात, मामी मात्र फार बोलतात, असं काहीतरी. खरं सांगायचं तर मला त्यांना पास करायचंच होतं.

रस्त्यावर बघण्यासारखं फारसं नव्हतं, म्हणून मी वर, उजेड पडला होता तिकडे बघत होतो. समोरच्या उतारावर किंजळाची झाडं होती, ओलीचिंब, सरळ, एकापाठोपाठ एक. पानापानावरचं पाणी चमकत होतं. आणि मग ती सरकली.

वारा नव्हता. फांदीसुद्धा हलत नव्हती. झाडं उभीच्या उभी, सगळी मिळून, शांतपणे खाली चालली होती. त्यांच्या मागचा काळा कातळ जागच्या जागी होता आणि झाडं त्याच्यासमोरून चालली होती. आवाज म्हणून नव्हता. मला भीती वाटली नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. मला वाटलं, हे असंच असेल. माणसं झोपली की झाडं चालत असतील, आपण कधी दिवे वर करून बघितलं नाही इतकंच.

"झाडं चालतायत," मी म्हणालो. ओरडलो नाही. देवळात बोलावं तसं म्हणालो.

माझा शब्द पुरा व्हायच्या आत मामांनी ब्रेक दाबला. माझं कपाळ समोरच्या काचेवर आपटलं.

मग वास आला, ओल्या मातीचा, खोल विहिरीतून येतो तसला. मग आवाज. तो कानांनी ऐकण्यासारखा नव्हताच, तो सीटमधून, पायांखालून वर आला. आणि आमच्यापुढे जिथं रस्ता होता, तिथून डोंगर चालत गेला. लाल माती, घरांएवढे दगड, आणि त्यांच्यावर ती झाडं, अजूनही उभी, आमच्या दिव्यांच्या झोतात एका बाजूनं येऊन दुसऱ्या बाजूला जात होती. प्रत्येक झाड उजेडात आलं की त्याचं पान न् पान दिसायचं आणि पुढच्या क्षणी दरीच्या काळोखात जायचं. एक, मग दुसरं, मग तिसरं. एवढं मोठं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलेलं नाही. माझे हात आपोआप जोडले गेले होते, ते मला फार उशिरा कळलं.

सगळं थांबलं तेव्हा रस्त्याच्या जागी मातीचा ढीग होता आणि त्याच्यावर एक किंजळ सरळ उभा होता. त्याच्या पानांवरून पाणी टपकत होतं.

मग मामींनी मागून माझा खांदा चाचपला, मग मामांचा. "आहोत ना सगळे?" त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

"मामा," मी म्हणालो, "तुम्ही वेळेवर बघितलंत. नाहीतर आपण आत्ता त्या दरीत असतो."

मामांचा पाय अजून ब्रेकवरच होता.

"मी काही बघितलं नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"तू बोललास. मी ब्रेक दाबला. काय बोललास ते मला नंतर कळलं."

मला अर्थबोध होईना. 'झाडं चालतायत' असं कुणी म्हटलं तर माणूस आधी 'काय?' म्हणतो. वर बघतो. बोलणाऱ्याला वेडा ठरवतो. त्यात दोन क्षण जातात, आणि ते दोन क्षण आमच्याकडे नव्हते. मी मामांकडे बघितलं. ते काचेतून सरळ समोर बघत होते, लख्ख उजेडात उभ्या असलेल्या त्या किंजळाकडे, आणि त्यांची नजर कशावरच लागलेली नव्हती.

"मामा, समोर काय आहे?"

"उजेड आहे," ते म्हणाले. "पांढरा उजेड. कालच्यापेक्षा खूप जास्त."

मागून मामी डोळे पुसत म्हणाल्या, "सांगा आता त्याला. पुरे झालं."

गेलं वर्षभर मामांना अंधार पडला की दिसत नव्हतं. दिवसा सगळं ठीक, पण सूर्य कलला की धुकं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडदा खराब झाल्याचं सांगितलं होतं, याला इलाज नाही असंही सांगितलं होतं. दोघांनी ते कुणालाही कळू दिलं नाही. घाटीतली वळणं मामांच्या हातात होती. बाकीचं सगळं मामी सांगायच्या. मोरी, खड्डा, म्हैस. आवाज आला की हात वळायचा, आवाज आला की पाय दाबायचा. मध्ये विचार करायला जागाच नव्हती. मी ज्याला मामींची बडबड समजत होतो, त्यावर ती मोटार चालत होती.

माझं डोकं भडकलं. "तुम्हाला काही वाटतं का? तो टेम्पोवाला? रस्त्यानं चालणारी माणसं? कुणाचा जीव गेला असता तर?"

"हो," मामा म्हणाले.

"मग हे दिवे कशाला बसवलेत? माहीत होतं ना तुम्हाला?"

"वाटलं, उजेड वाढवला तर निदान थोडं..." ते थांबले. "काल गडग्यावर मुंग्या दिसतात म्हणालास. तेव्हाच कळलं मला. मला गडगासुद्धा दिसत नव्हता. तरी आज निघालो. तिचा पंचम आत्ता कुठं लागायला लागलाय, मकरंद."

राग होता, पण तो कुठं ठेवावा ते समजेना. माझ्या कपाळाला टेंगूळ आलं होतं आणि मी जिवंत होतो. डोळ्यांनी धडधाकट माणूस त्या चाकामागं असता तर मी नसतो. चांगले डोळे मोकळा रस्ता बघून पुढे गेले असते. रस्ता खरंच मोकळा होता. मामीसुद्धा तेच सांगत होत्या.

मामांनी किल्ली काढली नाही. ते दार उघडून खाली उतरले, मोटारीला हात लावत लावत माझ्या बाजूला आले आणि दाराशी उभे राहिले. "तू बस तिकडे. मागं घे सावकाश, रुंद वळणापर्यंत. पण आधी मला सांग."

"काय?"

"कसं दिसलं ते. झाडं कलली होती की सरळ होती?"

"सरळ."

"मुळं दिसत होती?"

"नाही. जमिनीसकट चालली होती."

"पानांचा रंग? उजेडात हिरवा राहिला की पांढरा पडला?"

चाळीस वर्षं पोरांना चित्रं शिकवलेला माणूस मला विचारत होता. मी सांगत गेलो. काळा कातळ मागं कसा थांबला होता, पहिलं झाड दरीकडे जाताना कसं वळलं, पाणी कसं चमकलं. मामी काच खाली करून ऐकत होत्या आणि माझं राहिलेलं भरत होत्या. मामांनी तोंड त्या ढिगाकडे केलं होतं. वरून बारीक माती अजून ओघळत होती, तिचा आवाज येत होता. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. दिसलं मला होतं, पण असं वाटत होतं की खरं बघतायत ते.

"केवढं असेल," ते हळूच म्हणाले. "केवढं असेल ते."

मी मोटार मागे घेतली. रात्र आम्ही तालुक्याला मुळेबाईंकडे काढली.

सकाळी त्यांच्या ओटीवरून शैलेशला फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत मामांनी माझ्या हातातून फोन घेतला. "शैलेश, परीक्षकांना त्रास नको. मीच सांगतो. मी नापास आहे. मला संध्याकाळनंतर दिसत नाही, वर्ष झालं. मोटार विक." एवढं बोलून त्यांनी फोन पुढे धरला, कुणीतरी घ्यावा म्हणून.

तो मामींनी घेतला.

"मोटार विकायची नाही," त्या म्हणाल्या. तिकडून शैलेश काहीतरी तावातावानं बोलत होता. मामींनी त्याला पुरतं बोलू दिलं.

"अरे, वर्षभर डोळे माझेच होते," त्या म्हणाल्या. "आता हातपायही माझेच लागतील, एवढंच. मकरंद महिनाभर राहतोय. तो शिकवणार आहे मला."

मला त्यांनी विचारलंसुद्धा नव्हतं. मी महिनाभर राहिलो.